लेकी बोले, सुने लागे आणि मत्तयाचा अठरावा अध्याय

ख्रिस्ती माणसानं कसं बोलावं, हा वाद मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत आणि मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, पुन्हा पुन्हा पेटतो, आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांना बांधला जातो. एक पक्ष संक्रांतीचा म्हणावा असा: गोड बोला, पडतं घ्या, सोडून द्या, प्रार्थना करा. दुसरा फटकळांचा: आम्ही तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही, कुणाला लागलं तर लागलं. गंमत अशी की दोघेही बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं पंधरावं वचनच पुढे करतात. ते मधोमध मोडून घेतात इतकंच. पहिल्यांच्या वाट्याला ‘प्रीतीने’ येतं, दुसऱ्यांच्या वाट्याला ‘सत्य’. आणि आपल्या रूढ मराठी भाषांतरात तर तिथे ‘बोला’ हा शब्दच नाही. ‘प्रीतीने सत्याला धरून’ वाढावं, असं आहे. इंग्रजीत ते ‘सत्य बोलणं’ झालं आणि त्यावर प्रवचनं बेतली गेली. मूळ ग्रीक क्रियापदाचा आवाका मात्र जिभेपेक्षा मोठा आहे, सत्यानं राहण्यावागण्याचा आहे. या एका जागी मराठी भाषांतरकार सरस ठरले, पण आपण त्यांचंही ऐकलं नाही.

माझं म्हणणं असं की हा सगळा वाद सुरावर चालला आहे आणि सूर ही दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे. गोड की कडू, हे ठरवण्याआधी शास्त्र एक फार साधा, फार अडचणीचा प्रश्न विचारतं: ज्याच्याबद्दल बोलतोयस, त्याच्याशी बोललास का? प्रेमळ बोलणं पत्त्यावरून ओळखायचं असतं. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं गोड बोलणं निंदा ठरतं आणि योग्य पत्त्यावर पोचलेलं कडू बोलणंही पुष्कळदा माणूस वाचवतं.

आपल्या भाषेत या दुखण्याला चार शब्दांची म्हण आहे, ‘लेकी बोले, सुने लागे’. सासूला सुनेला काही सांगायचं असतं, पण ती सांगते लेकीला, सून ऐकेल इतक्या आवाजात. सून उत्तर देऊ शकत नाही, कारण तिला कुणी काही म्हटलेलंच नसतं. दिलंच, तर ‘मी तुला कुठे काय म्हटलं?’ तयार असतं. बोललं तर आहे आणि नाहीही, ही या पद्धतीची सोय. चाळीतून फ्लॅटमध्ये आल्यावरही ती सुटली नाही, उलट तिला नवी साधनं मिळाली. नणंद व्हॉट्सॲपच्या स्टेटसला नीतिसूत्रांतलं भांडखोर बायकोवरचं वचन लावते. पाहणाऱ्या दीडशे जणांत ते एकीसाठीच असतं. मंडळीच्या ग्रुपवर भल्या सकाळी क्षमेवरचा संदेश येतो आणि काल संध्याकाळची कमिटीची बैठक ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो कुणाच्या घरी पाठवलाय ते लगेच कळतं. वेदीवरून किंवा पुलपिटवरून एका कुटुंबाला उद्देशून केलेलं प्रवचन हाही तोच प्रकार, फक्त झग्यातला. आणि सगळ्यांत कसबी रूप म्हणजे प्रार्थनेची विनंती: ‘अमक्यांसाठी जरा प्रार्थना करा हं, घरात बरं चाललेलं नाही, मुलगा वेगळा राहायला गेला, मी काही जास्त सांगत नाही.’ देवाला हे आधीच माहीत होतं. ते माहीत नव्हतं ते खोलीतल्या बाकीच्या बारा जणींना.

याच्यासमोर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली पंधरा ते सतरा ही तीन वचनं ठेवून पाहा. भावानं अपराध केला तर तू जा, तुम्ही दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. त्यानं ऐकलं तर तू भाऊ मिळवलास. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. इथे सुराबद्दल एक अक्षर नाही. आहे तो क्रम: कोण जाणार, कुणाकडे, किती जणांसमोर, आधी काय आणि नंतर काय. हेतूही एका क्रियापदात आहे, ‘मिळवलास’. वाद जिंकलास, मन मोकळं केलंस, धडा शिकवलास, असं काही नाही. आपण हा क्रम नेमका उलटा चालवतो. आधी मंडळीला कळतं, मग एकदोघं नातेवाईक मध्ये पडतात आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यांत शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून समजतं.

पत्ता चुकला की काय होतं, याचं चौथ्या-पाचव्या शतकातलं एक उदाहरण आजच्या कुठल्याही ग्रुपला लागू पडेल. इसवी सन ३९४-९५च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टीननं बेथलेहेमला राहणाऱ्या जेरोमला पत्र लिहिलं. जेरोम वयानं मोठा, नावाजलेला विद्वान. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलानं पेत्राला सर्वांदेखत सुनावलं, तो प्रसंग म्हणजे दोघांनी संगनमतानं वठवलेलं नाटक होतं, असा अर्थ जेरोमनं लावला होता. ऑगस्टीनला तो घातक वाटला. शास्त्रात सोयीस्कर खोटेपणा मान्य केला तर उरलं काय? प्रश्न रास्त होता आणि तो थेट माणसालाच लिहिला होता. पण ते पत्र नेणारा माणूस मध्येच बिशप झाला, गेलाच नाही आणि लवकरच वारला. मग काही वर्षांनी दुसरं पत्र लिहिलं; त्याचा वाहक समुद्राला भ्याला. ते पत्र मात्र इटलीत हातोहात फिरलं, त्याच्या नकला झाल्या. एका डीकनला त्याची प्रत एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर सापडली. जेरोमपर्यंत आली ती बिनसहीची नक्कल, आणि सोबत अशी वदंता की ऑगस्टीननं त्याच्याविरुद्ध पुस्तक लिहून रोमला पाठवलं आहे. म्हाताऱ्याला नावं ठेवून तरुण बिशप मोठा होऊ पाहतोय, असं जेरोमला वाटलं तर नवल काय? समेट व्हायला जवळजवळ दहा वर्षं गेली. ऑगस्टीनचा सूर पहिल्यापासून आदराचा होता, मुद्दाही वजनदार होता. बिघडलं ते एवढ्यानंच की ज्याच्यासाठी लिहिलं, त्याच्या आधी ते इतरांनी वाचलं. शेवटी ऑगस्टीननं मुद्दा न सोडता, दुखावल्याबद्दल निःसंदिग्ध क्षमा मागितली आणि पुढे पेलागियसच्या वादात हे दोघे एका बाजूला उभे राहिले. समोरासमोर बोलणं खरं होतं की नाटक, यावरचा वाद समोरासमोर न बोलल्यामुळे चिघळावा, यातली थट्टा इतिहासानं स्वतःच केली आहे.

हे नुसतं संतांचं शहाणपण राहिलं नाही. काहींनी त्याचे नियम केले. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्याच्या सहकारी उपदेशकांनी २९ जानेवारी १७५२ रोजी एका करारावर सह्या केल्या. एकमेकांविषयी वाईट ऐकणार नाही, मुद्दाम विचारणार नाही. कानावर आलंच तर चटकन विश्वास ठेवणार नाही. जे ऐकलं ते लवकरात लवकर संबंधित माणसालाच बोलून किंवा लिहून कळवू. तसं कळवेपर्यंत दुसऱ्या कुणाजवळ एक अक्षर काढणार नाही, आणि कळवल्यावरही काढणार नाही. बाहेरच्यांनी नव्हे, रोज एकमेकांची उणीदुणी डोळ्यांसमोर असणाऱ्या सहकाऱ्यांनी हे लिहून घेतलं, यातच त्याची गरज दिसते. नाझींना विरोध करणारा पाळक दीटरिख बोनहोफर, त्यानं जर्मनीत फिंकनवाल्डच्या गुप्त सेमिनरीत असाच एक नियम ठेवला होता: बांधवाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर जाऊन त्याला तसं सांगायचं. १९३७ साली गेस्टापोनं, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली. बाहेर हेरगिरीचं राज्य असताना घरात पाठीमागची कुजबुज नसणं ही तिथे चैन नव्हती.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप संस्कृतीचा. थेट बोलणं ही पाश्चात्त्य सवय आहे, आपल्याकडे आडून सांगणं ही मर्यादा असते. सून सासऱ्याला, धाकटा थोरल्याला तोंडावर कसं सांगणार? यात तथ्य आहे. जिथे एक ‘अहो’ म्हणतो आणि दुसरा ‘अगं’, तिथे दोघांनी ‘थेट’ बोलण्याची किंमत सारखी नसते. शास्त्रातला नाथान संदेष्टाही आडूनच बोलला ना? दावीद राजानं उरीयाची बायको घेतली, उरीयाला मारवलं, आणि नाथान त्याच्याकडे गेला तो गरिबाच्या कोकरीची गोष्ट घेऊन. पण गोष्ट संपल्यावर नाथान काय म्हणाला ते विसरून चालणार नाही. ‘तो माणूस तूच आहेस.’ आडवाट घेतली ती पोचण्यासाठी, निसटण्यासाठी नव्हे. तो दाविदाच्या समोर उभा होता, दरबारातल्या दुसऱ्या कुणाला ती गोष्ट ऐकवून राजाच्या कानावर जाईल अशी तजवीज त्यानं केली नव्हती. आडून सांगण्याची मराठी कसोटी म्हणूनच सोपी आहे. शेवटी ‘हे मी तुमच्याबद्दलच म्हणतेय, बाबा’ असं म्हणता येतं का? येत असेल तर ती मर्यादा. येत नसेल तर तो टोमणा. इफिसकरांस पत्रात त्याच अध्यायाच्या एकोणतिसाव्या वचनात ‘कुजके’ बोलणं तोंडातून निघू नये असं आहे, आणि मूळ ग्रीक शब्द तोच आहे जो मत्तयाच्या जाळ्याच्या दाखल्यात फेकून दिलेल्या मासळीला लावला आहे. मराठीत ‘कुजकट बोलणं’ म्हणजे टोमणाच, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मासळीवाल्या गावठाणात वाढलेल्यांना तर नकोच.

गोड बोलण्याच्या पक्षाला इथे एक जरा टोचणारं उदाहरण देतो. वांद्रे, कलिना, मरोळ, गोराई इथल्या गावठाणांतलं वडिलोपार्जित घर, प्रॉपर्टी कार्डावर सहा-आठ वारस, आणि बिल्डर दारात. भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. अशा वेळी बहिणीला अचानक जेवायला बोलावलं जातं, लहानपणीच्या आठवणी निघतात, आईचा फोटो खाली उतरवला जातो, आणि फळांसोबत हक्कसोडपत्र पुढे येतं. सूर मधाळ असतो, एकही कठोर शब्द नसतो, शेवटी प्रार्थनाही होते. याला प्रेमळ संवाद म्हणायचं का? जिला वाटा किती याचा आकडा सांगितलेला नाही, तिच्याशी कितीही हळू बोललं तरी ते बोलणं खोटं आहे. खरं प्रेमळ बोलणं तिथे बरंच रूक्ष असतं: एकूण क्षेत्रफळ इतकं, बिल्डरचा प्रस्ताव असा, तुझा हिस्सा इतका, कागद घरी ने, वकिलाला दाखव, पंधरा दिवसांनी बोलू.

दुसरा आक्षेप फटकळांचा. येशूनं परूश्यांना चुना लावलेल्या कबरा म्हटलं, मंदिरात सराफांचे चौरंग उलथले. पौलानं पेत्राला सर्वांसमोर सुनावलं. मग आम्हीच काय म्हणून एकांत शोधायचा? उत्तर त्या प्रसंगांतच आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून माणसं आल्यावर तो उघडपणे वेगळा बसू लागला, आणि बाकीचेही त्याच्यामागे गेले. कृत्य चारचौघांतलं होतं, नुकसान चारचौघांचं होत होतं, म्हणून उत्तरही चारचौघांत दिलं गेलं, आणि तेही पेत्र हजर असताना, त्याच्या तोंडावर. सार्वजनिक चुकीला सार्वजनिक उत्तर, खासगी चुकीला खासगी, हा हिशेब त्यातून निघतो. मंडळीच्या फंडाचा हिशेब दोन वर्षं मांडला गेला नसेल तर तो वार्षिक सभेत विचारायचा. खजिनदाराच्या मुलाच्या लग्नात किती खर्च झाला ते नाही. परूश्यांना झोडणारे बोल अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्यांसाठी होते. फटकळपणा आपण बहुधा खाली वापरतो, मुलांवर, कामवाल्या बाईवर, नव्या सुनेवर. साहेबापुढे फटकळ राहणारे फार थोडे भेटतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. ‘तू एकट्यानं जा’ या आज्ञेनं किती बायकांचा जीव घुसमटला आहे! मारणाऱ्या नवऱ्याशी आधी एकांतात बोल, मग घरातल्या मोठ्यांशी, मग फादरांशी किंवा पाळकांशी. पोलिसांकडे जाणं म्हणजे साक्ष बिघडवणं. हा सल्ला प्रेमाच्या नावाखाली दिला गेला, आणि बराच काळ कायदाही त्याच्याच बाजूला होता. १८६९च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरत असे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या क्रौर्यासाठी तिला घटस्फोट मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं १९९७ साली ही विषमता मोडली आणि संसदेनं २००१ मध्ये कायदा बदलला. म्हणजे ज्या पिढीला ‘बोलून मिटवा’ असं सांगितलं गेलं, तिच्यापुढे बोलण्याखेरीज दार जवळजवळ नव्हतंच.

पण हा दोष मत्तयाच्या अध्यायाचा आहे, की तो पंधराव्या वचनापासून वाचायला सुरुवात करणाऱ्यांचा? अध्याय सुरू होतो लेकरापासून. लहानातल्या एकालाही जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे बरं, हे सहावं वचन आधी येतं, ‘तू एकटा जा’ त्यानंतर. ‘भाऊ’ हा शब्दही बरोबरीच्या नात्याचा आहे. ज्याच्या हातात पट्टा आहे आणि जिच्या पाठीवर वळ आहेत, ती दोघं त्या घडीला बरोबरीची नाहीत. येशूला मुख्य याजकासमोर थप्पड बसली तेव्हा त्यानं दुसरा गाल पुढे केल्याचं योहान लिहीत नाही. तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? एकांतात नव्हे, भरल्या घरात. तेव्हा मारहाण, धमकी, मुलांशी लैंगिक गैरवर्तन यांत पहिली पायरी संवादाची नसतेच, सुरक्षिततेची असते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५चा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतो, १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष याच कामाचा. आणि बालकाच्या बाबतीत तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं, ज्याला कळलं त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. ‘आधी फादरांशी बोलू’ म्हणून ती पुढे ढकलता येत नाही. गप्प बसवण्यासाठी मत्तय १८ काढणारा माणूस त्यातला जात्याचा दगड लपवत असतो.

चौथा आक्षेप अस्सल मुंबईचा, आणि प्रवचनकार त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एकांत आणायचा कुठून? बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची, झोपडपट्टी पुनर्वसनातलं (एसआरएचं) नवं घर ३०० चौरस फुटांचं, त्यात पाच माणसं आणि भिंतीपलीकडे शेजारी. वेळ तरी कुठे? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. माणूस रात्री नऊला घरी पोचतो, तेव्हा सूर्य मावळून दोन तास झालेले असतात. मग ‘रागात असताना सूर्य मावळू नये’ याचं काय करायचं? कित्येक जोडपी ते अक्षरशः घेतात आणि रात्री साडेबाराला, उपाशी, दमलेली, दबक्या आवाजात भांडण ‘मिटवायला’ बसतात. त्या घडीला जे बोललं जातं ते सकाळी दोघांनाही नको असतं.

त्या वचनाला जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायाशेजारी ठेवलं तर ते वेगळं वाचता येतं. तिथे मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी देऊन टाक अशी आज्ञा आहे. सूर्यास्त ही तिथे देण्याची मुदत आहे. यहुदी दिवस सूर्यास्तालाच संपतो, म्हणजे आजचं देणं उद्याच्या वहीत ओढू नकोस. प्लुटार्क सांगतो की पायथागोरसच्या अनुयायांतही चाल होती, रागाच्या भरात तोंडातून काही गेलं तर सूर्य मावळण्याआधी ते एकमेकांचे हात हातात घेत. हात हातात घेऊन समेट करत; निवाड्याची गोष्ट त्यात नाही. रात्री नऊला घरी आलेल्यानं द्यायचं देणं एका वाक्याचं असतं: ‘सकाळचं माझ्या डोक्यात आहे, मी पळत नाहीये, शनिवारी संध्याकाळी अर्धा तास बसू.’ राग तारखेसकट मान्य केला की तो मुरत नाही. मग शनिवारी इमारतीची गच्ची असो, चर्चचं आवार असो, दादरच्या फाइव्ह गार्डनची फेरी असो. चालत बोलणं बसून बोलण्यापेक्षा बरं, कारण नजर समोर रस्त्यावर असते, दोघं एकाच दिशेनं जात असतात, आणि गप्प राहिलं तरी ती शांतता अंगावर येत नाही.

त्या अर्ध्या तासातही घसरायच्या जागा ठरलेल्या असतात. वेळ मागताना विषय सांगावा. नुसतं ‘तुझ्याशी बोलायचंय’ म्हणून सोडलं तर समोरच्याची रात्र खराब होते आणि तो बचाव तयार करून येतो. विषय एकच, आणि शक्यतो एकच प्रसंग. ‘तू नेहमी’ आणि ‘तू कधीच’ ही दोन सुरुवात करणारी वाक्यं टाळावीत, कारण त्यांना एक अपवाद दाखवला की मूळ मुद्दा पडतो. समुपदेशक ‘मला’पासून बोला सांगतात, ते मराठीला परकं नाही, आपल्याकडे राग मुळात ‘मला येतो’, वाईट ‘मला वाटतं’. पण ‘मला वाटतं तू स्वार्थी आहेस’ हे भावनेचा सदरा घातलेलं आरोपपत्र आहे, त्याला फसू नये. आणखी एक खास मराठी जागा: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हटलं की समोरचा घराबाहेर उभा राहिला. ‘आपल्याला हे कसं करता येईल’ म्हटलं की तो आत आला. इतका बारीक फरक भाषेनं फुकट दिलाय आणि आपण भांडताना नेमका तोच विसरतो. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून करू नये. संदेश फक्त वेळ ठरवण्यापुरता.

ऐकण्याबाबत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला यानं आपल्या साधनेच्या पुस्तकाच्या आरंभीच एक पायरीवार सूचना दिली आहे. समोरच्याच्या वाक्याचा आधी चांगला अर्थ लावायचा प्रयत्न कर. जमत नसेल तर त्याला विचार, तुला नक्की काय म्हणायचं आहे? त्यानंतरही ते चूक वाटलं तरच प्रेमानं दुरुस्त कर. यातली मधली पायरी आपण गाळतो. ऐकलं आणि लगेच दुरुस्त केलं. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात ऐकण्याआधी उत्तर देणाऱ्याला सरळ मूर्ख म्हटलं आहे.

ज्यांना तोंडानं सुचत नाही त्यांच्यासाठी कॅथलिक जोडप्यांत रुळलेली एक पद्धत आहे. स्पेनमधले फादर गाब्रिएल काल्व्हो यांनी १९६२ साली बार्सिलोनात सुरू केलेल्या मॅरेज एन्काउंटर चळवळीतून ती आली. दहा मिनिटं दोघांनी वेगवेगळं, एकाच प्रश्नावर वहीत लिहायचं, वह्या बदलायच्या, वाचायच्या, आणि मग दहा मिनिटं त्यावर बोलायचं. ती फसते ती प्रश्न मोठा घेतल्यानं. ‘आपलं लग्न कसं चाललंय’ यावर दहा मिनिटांत फक्त तक्रार लिहून होते. ‘काल आई आल्यावर मला काय वाटलं’ इतका लहान प्रश्न हवा. वही वर्षभर जपून ठेवून पुरावा म्हणून उघडली तर पद्धत संपलीच.

क्षमा मागण्याबद्दल थोडक्यात. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात चूक समोरच्याच्या कातडीची होते. ‘चुकलं’ हे त्याहून बरं, पण मराठीत ते कर्त्याशिवाय निभावतं, पाऊस पडला तसं. ‘मी चुकलो, मी आईसमोर तुझा पगार काढला’ यात माणूस उभा राहतो. आणि मागून ‘पण’ आला की सगळं परत गेलं. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदारानं तर शब्दांवर भागवलंच नाही, फसवून घेतलेलं चौपट परत देण्याची बोली केली.

मत्तयातली दुसरी पायरी, एकदोघांना बरोबर नेण्याची, आपल्याकडे जास्त बिघडते. साक्षीदार म्हणून आपण वकील नेतो: सख्खी बहीण, किंवा आठवडाभर फोनवर आपलीच बाजू ऐकलेली मैत्रीण. तिथे न्यायचा माणूस दोघांनाही चालणारा हवा आणि त्याला आधी कुणी काही सांगितलेलं नसावं. त्याचं काम निवाडा देणं नाही. कोण काय म्हणालं ते ऐकून, गरज पडली तर पुन्हा उच्चारणं, इतकंच.

आणि आता त्या म्हणीतल्या तिसऱ्या बाईकडे. सासू आणि सून यांच्यावर मराठीत ढीगभर लिहून झालं. लेकीकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिच्याशिवाय तो प्रकार घडूच शकत नाही. ती भिंत आहे, तिच्यावर चेंडू आपटून तो सुनेला लागतो. वेस्लीच्या करारात म्हणूनच पहिलं कलम ऐकण्याचं आहे, बोलण्याचं नंतर. प्रार्थनेच्या गटातल्या त्या बारा जणींपैकी एकीनं, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कानाशी आलेल्या एखाद्यानं, माहेरी आलेल्या एका लेकीनं भाजी निवडता निवडता मान वर करून एवढंच म्हणायचं: ‘आई, हे तू तिला सांगितलंस का? ती आत आहे, बोलावू?’